पितळेची पट्टी

कोंढा, ता. पवनी
३ मार्च २०२५

ती. मामा,

तुमाले अन् मामीले रंजूचा नमस्कार. फोनवर तुमाले ऐकू येत नाही, अन् मामीजवळ सांगतलं तर अर्धं गाडीचं अन् अर्धं तिच्या काळजीचं तुमच्यापर्यंत पोचते. म्हणून लिहून राहिली.

गाडी तलावात गेली हे तुमाले समजलं असंल. कशी गेली ते कोणी नीट सांगतलं नसंल. तीस जानेवारीले सकाळी सातच्या सुमाराले मुन्ना तलावाच्या पाळीवरून, बांधावरच्या रस्त्यानं येऊन राहिला होता. मागं मच्छीच्या टोपल्या अन् पाच बाया. वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ उतारानं खाली गेली, समोरचं चाक दगडावर चढलं अन् गाडी एका अंगावर पाण्यात पडली. पाणी कमरेएवढं होतं म्हणून सगळ्या वाचल्या. पण गोदावरीबाईचा पाय मोडला. भंडाऱ्याले ऑपरेशन झालं, आत सळई टाकली. आमच्या ढिवर मोहल्ल्यात त्यांचा शब्द मोठा. मी लग्न होऊन आली तेव्हा बाजारात मच्छीपुढं कसं बसायचं, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे मले त्यांनीच शिकवलं. त्या आता मुन्नाकडे पाहत पण नाही.

मुन्ना म्हणते, स्टिअरिंग हातात मोकळं फिरलं, चाकानं ऐकलंच नाही. गाव म्हणते, रॉड निखळला तो दगडावर आपटून, आधी नाही. हा प्यालेला असंल. मामा, मुन्ना पीत नाही. लग्नाले सहा वर्षं झाली, मले माहीत नसंल तर कोणाले माहीत असंल? पण महिनाभर तेच ऐकून ऐकून आता तोच म्हणाले लागला, “माझंच लक्ष नसंल, रंजू. डुलकी लागली असंल.” मले याची जास्त भीती वाटते. सकाळी तो डोंगा घेऊन जाते, जाळं टाकते, येते, भिंतीकडे तोंड करून बसते. गाडी अंगणात उभी आहे, तिच्याकडे जात नाही.

दोन मिस्त्री पाहून गेले. एकोणऐंशीची पिकप, सामान मिळत नाही, भंगारात द्या म्हणाले. मी नाही देणार. माझ्या लग्नात तुमी ती स्वतः चालवत चिखल्याहून इथं आणून दिली होती. माझे सासरे मंगरूबाबा तिले रोज पुसत होते, देवाले पुसावं तशी.

ती मीच खोलते. तुमच्या घरी वाढली, दहा वर्षं वर्कशॉपात तुमच्या हातात पाने-हातोडे देत होती, एवढं तर जमंल. पहिले काय खोलायचं ते सांगा. अन् एक गोष्ट. सांधा आधी सुटला का आपटून सुटला, हे लोखंड पाहून समजते का?

तुमची,
रंजू

*

चिखला
९ मार्च २०२५

चि. रंजू,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तुझ्या मामीनं तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, मले ऐकू नाही आलं तरी.

तू विचारलं तो प्रश्न मले चाळीस वर्षांत कोण्या ड्रायव्हरनं विचारला नाही, कोण्या मालकानं विचारला नाही. होय, समजते. आपटून तुटलेलं लोखंड आतून चमकते, दाणेदार दिसते, नाही तर वाकते. झिजलेलं लोखंड गुळगुळीत अन् काळं असते, कडेले गंज असते. लोखंड खोटं बोलत नाही, पण त्याले नीट विचारावं लागते.

आता काम लिहितो. गाडी सपाट जागेवर घे. मागच्या चाकाले दोन्हीकडून दगड लाव. समोरून जॅक लाव, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नको, लाकडाचे ठोकळे देजो. हे मी तुले लहानपणी सांगतलं होतं, आता पुन्हा सांगतो.

स्टिअरिंगच्या डब्यातून एक हात खाली येते. तिथून चाकाकडे जो लांब रॉड जाते तो ड्रॅग लिंक. त्याच्या दोन्ही टोकाले वाटी आहे अन् वाटीत लोखंडी गोळा, आपल्या खुब्यात हाड बसते तसा. टोकाले मोठा पेचाचा बूच आहे, त्याच्या आरपार पिन. पिन काढ, बूच फिरव. डिझेल टाकून एक दिवस ठेव, मगच जोर लाव. बूच निघाला की स्प्रिंग निघंल, मग गोळ्याची बैठक. कसं निघालं, कोण्या क्रमानं निघालं, ते जमिनीवर फडकं टाकून तसंच मांड.

मग चाक दोन्ही हातांनी वरखाली हलवून पाहा. हललं तर किंगपिनचे बुश गेले. चाक ज्या खिळ्यावर वळते तो किंगपिन, अन् त्याच्याभोवती पितळी कडी असते ते बुश. तेही बदलावं लागंल.

सामानाची काळजी करू नको. तुमसरले एका जुन्या दुकानात वरच्या फळीवर असं सामान धूळ खात पडलेलं मी पाह्यलं आहे. बुश मी लेथवर करून घेईन.

जे निघंल ते फेकू नको. सगळं मले पाठवजो. आत काय दिसते तेही लिहजो, काही सोडू नको.

जवाईबापूले सांग, मामा म्हणते आधी लोखंडाले विचारू, मग माणसाले.

सुखराम

*

कोंढा
१७ मार्च २०२५

ती. मामा,

उघडलं!

बूच दोन दिवस हलला नाही. डिझेल पाजलं, लांब नळी लावून जोर केला. शेवटी सासूबाई आल्या. त्या साठीच्या आहेत अन् त्यांनी जन्मात पाना हातात धरला नाही. म्हणाल्या, “काय करायचं आहे ते सांग.” एका बाजूनं त्यांनी मोठा हातोडा दाबून धरला, दुसऱ्या बाजूनं मी ठोकलं. चौथ्या ठोक्याले बूच कुरकुरला. मोहल्ल्यातल्या बाया कुंपणापाशी उभ्या राहून पाहत होत्या, आधी हसत होत्या, मग हसल्या नाहीत. सासूबाई घामाघूम, कपाळावर ग्रीस, अन् म्हणतात, “सुंदरबाई मिस्त्री म्हणा आता मले.”

आता पाहा मामा. चाकाकडच्या टोकाचा गोळा गोल नाही. एका अंगानं पेरूसारखा खाल्लेला. अन् वाटीचं तोंड लांबट झालं आहे, मी बोट फिरवून पाह्यलं, गुळगुळीत. कडेले जुना गंज. कुठं चमक नाही, कुठं वाकलं नाही. मी समजली ते बरोबर आहे का?

अन् आणखी एक निघालं. स्प्रिंगच्या मागं पितळेची पट्टी गोल करून दाबून बसवली होती. ढिला सांधा घट्ट लागावा म्हणून कोण्या अडाण्यानं हे करून ठेवलं असंल. वरून घट्ट, आत पोकळ! गाडी हातात चांगली लागत होती ती याच्यामुळं, म्हणून तर मुन्नाले कधी समजलं नाही. मामा, तुमच्या वर्कशॉपात कोणी असं केलं असतं तर तुमी त्याले त्याच दिवशी हाकललं असतं. मंगरूबाबानं कोण्या उचापत्या मिस्त्रीकडून करून घेतलं काय माहीत. तो सापडला तर मी त्याले गोदावरीबाईच्या खाटेजवळ नेऊन उभा करीन.

किंगपिनचे बुशही गेले आहेत, चाक खडखड हलते.

सगळं सामान डब्यात घालून उद्या बसनं पाठवते. पट्टीपण पाठवते.

मुन्नाले मी गोळा दाखवला. त्यानं हातात घेतला, फिरवून पाह्यला, खाली ठेवला. म्हणाला, “मामा काय म्हणतात ते येऊ दे.” तुमच्यावर त्याचा एवढा भरवसा आहे. माझा तर जन्मापासून आहे.

लवकर लिहा.

रंजू

*

कोंढा
४ एप्रिल २०२५

ती. मामा,

सव्वीस तारखेले सामान पोचलं. ड्रॅग लिंकची दोन्ही नवी टोकं, नवे गोळे, दोन किंगपिन, चार बुश, पिनासुद्धा मोजून. सगळं तेलाच्या कागदात गुंडाळलेलं. पण चिठ्ठी नाही. मी डबा उलटा करून पाह्यला. मामीले फोन केला तर म्हणते, “बसून राहतात, जेवत नाहीत धड, विचारलं तर बोलत नाहीत.” तुमची तब्येत बरी नाही का? माझं काही चुकलं का?

तुमची वाट न पाहता मी बुश बसवले. रागावू नका. लेथवाल्यानं चांगले केले, पण ते भोकात जाईचना, एका केसाएवढे मोठे. ठोकले असते तर तोंड फाटलं असतं. मग मच्छीचा बर्फ आला होता त्याच्यात मीठ टाकून बुश दोन तास दाबून ठेवले, अन् इकडे चाकाचा भाग उन्हात तापू दिला. चाळीसचं ऊन आहे सध्या. थंड बुश काढून लगेच धरला अन् लाकडाचा ठोकळा ठेवून तीन ठोके मारले. सटकन आत. चारही तसेच बसवले.

ड्रॅग लिंकले मी हात लावला नाही. तुमी सांगतल्याशिवाय लावणार नाही.

मामा, दोन ओळी तरी लिहा.

रंजू

*

चिखला
८ एप्रिल २०२५

चि. रंजू,

बर्फाची गोष्ट वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मी तुले पाने द्याले शिकवलं, बर्फाची अक्कल तुले कोणी शिकवली नाही. ती तुझी आहे. मी वर्कशॉपात असतो तर चार पोरांले बोलावून तुझं पत्र वाचून दाखवलं असतं.

आता जे लिहितो ते मले तीन आठवड्यांपासून लिहायचं होतं.

तो अडाणी मी आहे.

ती पट्टी मी कापली, मी गोल केली, मी बसवली. तुझ्या लग्नाच्या चार दिवस आधी. गाडी द्यायचं ठरलं तेव्हा मी तिले रंग दिला, इंजिन खोललं, ब्रेक केले. शेवटी ड्रॅग लिंक उघडली तर गोळा झिजलेला. तुमसरले गेलो, त्या वेळी सामान मिळालं नाही. लग्न चार दिवसांवर. भाचीच्या मांडवासमोर गाडी उभी राहिली पाहिजे असं माझ्या मनानं घेतलं होतं. मी पट्टी भरली. स्टिअरिंग फिरवून पाह्यलं, नव्यासारखं लागलं. मलेच माझं कौतुक वाटलं.

मंगरूभाऊले मी बाजूले नेऊन सांगतलं होतं, “भाऊ, हे तात्पुरतं आहे. वर्षाच्या आत बदला, मी सामान पाठवतो.” सामान मी पाठवलं नाही. आज पाठवू, उद्या पाठवू. मग कोरोना आला, मंगरूभाऊ गेले. जवाईबापूले कोणी सांगतलं नाही. मीही सांगतलं नाही. दरवर्षी गाडी चालली की मले वाटे, चालून राहिली ना.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच माझ्या मनात आलं. म्हणून म्हणालो जे निघंल ते पाठवजो. मले वाटलं होतं पट्टी नसंल, मंगरूभाऊनं बदललं असंल. मग तुझं दुसरं पत्र आलं. तू जे लिहिलं त्यात एक अक्षर चूक नाही. मी अशा माणसाले हाकललंच असतं.

आता मिस्त्री म्हणून लिहितो. हे तू बायांसमोर, गोदावरीबाईसमोर, जे जे तोंड चालवत होते त्यांच्यासमोर वाच. झिजलेला गोळा अन् वाटी बसनं परत पाठवतो, तेही दाखव.

मी, सुखराम, चिखला येथे राहणारा, चाळीस वर्षं जड गाड्यांचं काम केलेला मिस्त्री, सांगतो की या पिकपच्या ड्रॅग लिंकचा गोळा अन् वाटी मी हातात घेऊन तपासली. सांधा आपटून सुटला नाही. वाटीचं तोंड झिजून रुंद झालं होतं, वळणावर जोर पडला तेव्हा गोळा तोंडातून बाहेर आला. त्या क्षणापासून स्टिअरिंग अन् चाकाचा संबंध नव्हता. अशी गाडी कोणताच ड्रायव्हर वळवू शकत नाही. मुन्नानं ब्रेक मारला म्हणून गाडी त्या दगडापाशीच पडली; ब्रेक नसता तर उतारावरच्या वेगानं दगड ओलांडून खोल पाण्यात गेली असती. दोष त्याचा नाही. दोष माझा आहे, मी झिजलेला सांधा पट्टी भरून लपवला.

हे वाचल्यावर तू मले पत्र नाही लिहिलं तरी चालंल. पण नवी टोकं बसवताना बूच पूर्ण घट्ट करून मग अर्धा फेरा मागं घे, नाही तर सांधा जाम होईल. पिन टाकून पिनचे दोन्ही पाय वाकव. मग समोरच्या चाकांमधलं अंतर पुढून अन् मागून बांबूच्या काडीनं मोज. पुढून दोन-तीन मिलिमीटर कमी पाहिजे. जास्त नको, सारखं नको, कमी.

सुखराम

*

कोंढा
२० एप्रिल २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून मी ते दोन दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं. खोटं कायले सांगू, मले राग आला. गोदावरीबाईचा पाय माझ्या डोळ्यासमोर येत होता. तुमी सामान पाठवलं असतं तर? अन् मग मले वाटे, माझी आई गेल्यावर ज्यानं मले घरी नेलं, तो माणूस माझ्या मांडवासमोर गाडी उभी राहावी म्हणून घाई करून राहिला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीनं दुसरी पुसल्या जात नाही.

तिसऱ्या दिवशी पत्र मुन्नाले दिलं. तो हळूहळू वाचते, तुमाले माहीत आहे. मी चुलीपाशी बसून पाहत होती. तुमी सही केली तिथवर आला अन् पुन्हा मधात गेला. “ब्रेक मारला म्हणून” या जागी बोट ठेवून म्हणाला, “मी ब्रेक मारला होता, रंजू. मले आठवते. मी मारला होता.” अन् मग तो असा रडला की सासूबाई मागच्या अंगणातून धावत आल्या.

तुमचा राग करील असं मले वाटलं होतं. तो म्हणाला, “मामानं हे लिहिलं नसतं तर कोणाले समजलं असतं?” मी म्हटलं, कोणाले नाही. पट्टी त्यांच्याच हातात होती, नाल्यात फेकून दिली असती तर विषय संपला होता. तो म्हणाला, “मंग!” बस, एवढंच.

सोमवारी गोदावरीबाईच्या अंगणात सगळ्या जमल्या. नत्थूभाऊपण होते, तेच ते, सगळ्यात आधी दारूचं बोलणारे. मी पत्र वाचलं. तुमी मिस्त्री म्हणून लिहिलं ते तर वाचलंच, त्याच्या आधीचंही वाचलं. तुमी तेवढं वाच म्हणाले नव्हते. पण अर्धं वाचलं असतं तर तुमच्यावर अन्याय झाला असता असं मले वाटलं. झिजलेला गोळा अन् वाटी लग्नातल्या मंगळसूत्राच्या डबीसारखी हातोहात फिरली. ज्यानं त्यानं बोट घालून पाह्यलं. नत्थूभाऊनं दोनदा पाह्यलं अन् गोळा खाली ठेवून उठून गेले. जाताना मुन्नाच्या खांद्यावर हात ठेवला.

गोदावरीबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचलं. मग मुन्नाले जवळ बोलावलं. “अडीच महिने मी तुह्याशी बोलली नाही बापू. तू कसा जेवला असशीन?” अन् त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

मग मले म्हणाल्या, “तुह्या मामाले सांग, त्यानं माझा पाय मोडला. ते मी विसरणार नाही. पण आपली चूक कागदावर लिहून, चार माणसांत वाचा म्हणून पाठवणारा माणूस मी या वयात पहिल्यांदा पाह्यला. एकदा त्याले पाहायचं आहे.” हे असंच्या असं लिहजो म्हणाल्या, म्हणून लिहिलं.

नवी टोकं मुन्नानं बसवली. मी नुसते पाने दिले. बूच घट्ट करून अर्धा फेरा मागं, पिनचे दोन्ही पाय वाकवले. काडीनं मोजलं तर पुढून पाच मिलिमीटर कमी निघालं. पुन्हा सोडलं, पुन्हा मोजलं. चार वेळा. शेवटी अडीचवर आलं तेव्हा तो हसला. तो हसताना कसा दिसतो ते मी विसरून गेली होती.

तुमी जेवत नाही म्हणून मामी अजून फोन करते. जेवा. मिस्त्री म्हणून तुमच्यासारखा दुसरा नाही असं मी सगळ्यांले सांगत आली. आता तसं नाही सांगणार. आता सांगीन, मामा चुकला, अन् लपला नाही. हे पहिल्यापेक्षा मोठं आहे, मले तर असंच वाटते.

रंजू

*

कोंढा
२९ एप्रिल २०२५

ती. मामाजी यांस,

मुन्नाचा नमस्कार. मी पत्र कधी लिहिलं नाही. चुकलं तर समजून घ्या.

शुक्रवारी गाडी काढली. पहिले एकटाच गेलो, रिकामी. पाळीच्या वळणाच्या अलीकडे आलो. गाडी थांबवली. खाली उतरून चाकाजवळ बसून पाह्यलं. मग बसलो अन् वळवली. बोटानं वळली मामाजी. त्या वळणावरून मी सात वेळा गेलो अन् आलो. पलीकडच्या धानाच्या बांधीत माणसं काम करत होती, त्यांले वाटलं असंल याले वेड लागलं.

शनिवारी बाया बसल्या. चौघीच आल्या, गोदावरीबाईले अजून काठी लागते. पाळीवर सगळ्या फळी घट्ट धरून बसल्या, आरशात दिसलं. वळण गेलं अन् मागून एकदम सगळ्यांचा गलका सुरू झाला, जशा आधी भांडत होत्या तशा. मले फार बरं वाटलं.

काल दोन माणसं ट्रॅक्टर घेऊन दारात आली. स्टिअरिंग ढिलं झालं म्हणे. मी पाना घेऊन उठलो तर म्हणतात, “तू नाही गा, बाईले बोलाव.” मी बोलावलं. रंजूनं चाक हलवून पाह्यलं अन् सांगतलं, आज चालवू नका, इथंच ठेवा. ते म्हणाले घाई आहे, काहीतरी लावून काम चालवून द्या. ती नाही म्हणाली. ठेवून गेले.

तुमाले मी काय म्हणावं मले समजत नाही. बाबा असते तर त्यांनी सांगतलं असतं. तुमच्या पत्रापायी मी पुन्हा माणसांत बसून राहिलो, एवढं मले समजते.

रविवारी चार तारखेले आमी तुमाले अन् मामीले घ्याले येतो. गाडी घेऊन येतो. सकाळीच निघतो, रंजू संग आहे. तुमी पुढं बसा. भंडाऱ्याच्या पुढं रस्ता मोकळा लागला की मी गाडी थांबवीन, तुमी माझ्या जागी बसा अन् थोडी चालवून पाहा. मामी म्हणतात तुमी नाही म्हणाल. तरी मी थांबवीन.

इकडे गोदावरीबाईनं तुमच्यासाठी मरळ मच्छी सांगून ठेवली आहे. त्या म्हणतात, कापून मीच देईन, रांधून मीच देईन, अन् समोर बसून त्याले विचारीन.

काय विचारतील ते मले माहीत नाही. मी बाजूले बसीन.

तुमचा,
मुन्ना